घरी पडली

त्या ऑगस्टात गिलक्यांचे वेल माजले होते. सकाळी तोडून रिकामा केलेला मांडव दुसऱ्या दिवशी पुन्हा लोंबायला लागे. विवेकने रविवारची सुट्टी बंद केली आणि सगळ्यांना सकाळी सहाला बोलवायला सुरुवात केली.

विवेकचं फार्म अमेरिकेतल्या एडिसनपासून पाऊण तासावर. ओक ट्री रोडवरच्या दुकानांत दुधी, गिलकी, गवार आणि खानदेशातली हिरवी भरताची वांगी जायची, त्यातली बरीचशी त्याच्या शेतातली. तो मूळचा जळगावकडचा इंजिनिअर, नोकरी सोडून शेतीत उतरलेला. कामाला मेक्सिकोच्या सात-आठ बाया आणि पाच-सहा आपली म्हातारी माणसं. मुलं कॉम्प्युटरसमोर बसतात आणि आईबाप घरात बसून भिंती मोजतात, त्यातली ही माणसं.

शैलजा त्यातलीच. वय अठ्ठावन्न, गुडघे शाबूत, माहेर शेतकऱ्याचं. विवेक तिच्या माहेरच्या तालुक्यातला, म्हणून तिने त्याला भाऊ केला होता. दर भाऊबीजेला तो एडिसनला येऊन ओवाळून घेई. तिचा नवरा जगन्नाथ शेडमध्ये स्टुलावर बसून वजनं करायचा, खोक्यांना चिठ्ठ्या डकवायचा. खानदेशातल्या कापसाच्या एका जिनिंगमध्ये त्याने तीस वर्षं हजेरी कारकुनी केली होती. अमेरिकेत येऊन सहा वर्षं झाली तरी शर्टाच्या खिशातलं पेन गेलं नव्हतं. मुलगी दीपा म्हणायची, बाबा झोपतानासुद्धा पेन लावतील.

त्या बुधवारी शैलजा ट्रेलरवरून दुधीचं क्रेट घेऊन उतरत होती. भाजी धुण्याच्या शेडमध्ये सिमेंटवर पाणी होतं. तिच्या गमबुटांचे तळ झिजून गुळगुळीत झाले होते. जुलैत तिने विवेकला तसं सांगितलं होतं, आणि तो म्हणाला होता, "पुढच्या आठवड्यात आणतो, ताई." पाय सरकला. क्रेट सुटलं. उजव्या हाताने तिने ट्रेलरचा दांडा धरला, अंग खाली गेलं आणि हात वरच राहिला. खांद्यात ओली काटकी मोडावी तसा आवाज झाला, तो तिने स्वतः ऐकला.

मार्ता नावाची मेक्सिकन बाई नळावर उभी होती. ती ओरडली. जगन्नाथ धावत आला तेव्हा शैलजा ओल्या जमिनीवर बसली होती.

"चार दुधी फुटले हो," ती म्हणाली.

विवेकने लगेच ट्रक काढला. तिला पुढे बसवलं, जगन्नाथ मागे. हॉस्पिटलच्या खिडकीत एक मुलगी कॉम्प्युटरवर बसली होती. तिने नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, आणि मग विचारलं, "कुठे झालं हे? कामावर का?"

शैलजाला इंग्रजी समजायचं, बोलता यायचं नाही. बोलायचं काम नवऱ्याचं. जगन्नाथने विवेककडे पाहिलं. विवेक फोनमध्ये बघत होता.

"होम," जगन्नाथ म्हणाला. "शी फेल ॲट होम. इन बाथरूम."

बाथरूम कोणी विचारलं नव्हतं. पण पक्क्या कारकुनाला खोटं अर्धवट लिहवत नाही.

शैलजाने त्याच्याकडे पाहिलं. तो हळूच म्हणाला, "कामावर म्हटलं की पोलीस केस होते. पंचनामा होतो. भाऊच आहे ना तो तुझा?" खांदा इतका ठणकत होता की वाद घालायचं त्राणच नव्हतं.

मुलीने टाइप केलं. ते दोन शब्द पुढचे सात महिने त्यांच्या घरात ठाण मांडून बसले.

*

खांद्याच्या आतली शीर फाटली होती. डॉक्टरने चित्र काढून दाखवलं. ऑपरेशन लवकर केलं तर शिवता येईल. उशीर केला तर आखडत जाईल, मग शिवायला काही उरणार नाही आणि हात खांद्याच्या वर कधीच जाणार नाही. दीपाच्या इन्शुरन्समध्ये आईबाप बसत नव्हते. ऑपरेशनचा आकडा ऐकून तिने तो पुन्हा एकदा विचारला.

घरी येऊन तिने सगळी हकीकत ऐकली आणि कपाळावर हात मारला.

"बाबा! व्हाय वुड यू से दॅट? वर्कर्स कॉम्प असतं इथे. कामावर लागलं की ट्रीटमेंट त्यांच्या इन्शुरन्सने करायची, पगाराचा मोठा भाग द्यायचा. चूक कोणाची, तेही बघत नाहीत. पोलीसबिलीस कुठून आणलेत?"

"मला कोणी सांगितलं होतं?" जगन्नाथ म्हणाला. "आम्ही आमच्या अकलेने वागलो."

"तेच तर झालं ना," शैलजा म्हणाली.

विवेकला फोन केला. तो म्हणाला, हो हो, कळवतो. त्याने कळवलं. तीन आठवड्यांनी इन्शुरन्स कंपनीचं पत्र आलं. जखम कामावर झाल्याचं आम्ही मान्य करत नाही, हॉस्पिटलच्या पहिल्याच कागदावर पेशंट घरी पडल्याचं लिहिलेलं आहे. जगन्नाथने ते पत्र तीनदा वाचलं. इंग्रजी सोपं होतं.

मग वकील केली. ऋता, एडिसनमध्येच जन्मलेली, वय तिशीचं. मिठाईच्या दुकानावर तिचं ऑफिस, जिन्यात तुपाचा वास. मराठी आजीकडून शिकलेलं.

"काकू, फी आत्ता काही नको. जिंकलो तर ती जज ठरवेल," ती म्हणाली. "मी क्लेम फाइल करते. तो लोक डिनाय करेल. मग हियरिंग. इथे ज्युरी नसते, फक्त एक जज. ती रेकॉर्ड वाचणार, दोन्ही बाजूचा डॉक्टर ऐकणार, आणि मग तुमचं तोंड बघणार."

"तोंड?"

"आय मीन, कोण खरं बोलतंय ते. बाकी सगळं पेपरवर असतं. ते पेपरवर नसतं."

"पाहणारं कोणी होतं का?" तिने विचारलं. मार्ता होती. पण हंगाम संपताच मार्ता फ्लोरिडाला संत्र्यांवर गेली होती आणि तिचा नंबर बंद होता.

"मग काका, तुम्हीच," ऋता म्हणाली. जगन्नाथने खिशातलं पेन काढून पुन्हा लावलं.

*

तारखा पडत गेल्या. कधी व्हिडिओवर पाच मिनिटं, कधी नुसताच ऋताचा मेसेज की पुढची तीन आठवड्यांनी. एकदा कंपनीच्या डॉक्टरचा अहवाल आला नव्हता, एकदा कंपनीच्या वकिलाची दुसरीकडे केस होती. खांद्यातली शीर मात्र तारखेसाठी थांबत नव्हती.

घरात शैलजाचा उजवा हात गळ्यात अडकवलेला. कणीक डाव्या हाताने मळली जात नाही, भाकरी थापली जात नाही, पाठीमागचे हूक लागत नाहीत. सलवारीची नाडी बांधायला नवऱ्याला हाक मारावी लागे तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सगळ्यात वाईट केसांचं. पहिल्या दिवशी जगन्नाथने कंगवा असा ओढला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तो शिकला. रोज सकाळी ती पलंगाच्या कडेला बसे, तो मागे उभा राहून तीन पेड घाली. वेणी वाकडी यायची, पण सुटत नसे.

"जिनिंगमध्ये हेच शिकवलं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणायची. तो हसायचा नाही.

कंपनीच्या डॉक्टरने तिला तपासलं. हात वर करा, मागे न्या, दुखतं का. भिंतीवरचं घड्याळ तिच्या समोरच होतं. सात मिनिटं लागली. अहवालात आलं की फाटणं जुनं आहे, वयोमानाने झिजलेलं. "चाळीस वर्षं भाकऱ्या थापल्या, झिजला असेलही," शैलजा म्हणाली. "पण मंगळवारपर्यंत तर वर जात होता."

भाऊबीज आली. ऋताने सांगून ठेवलं होतं की विवेकशी केसबद्दल अक्षर बोलायचं नाही. तरी शैलजाने ताटात निरांजन, सुपारी, अक्षता मांडून ठेवलं. ताट उचलायचं कसं, हा प्रश्नच होता. पण तो आलाच नाही. संध्याकाळी त्याच्याकडचा एक माणूस दारात खोकं ठेवून गेला. आत हिरवी वांगी होती, हंगामातली शेवटची. ती तिने भाजली आणि दीपाला भरीत कसं करायचं ते खुर्चीवर बसून सांगितलं. चांगलं झालं होतं. याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

जानेवारीत कंपनीने तडजोड पुढे केली. ऋताने समजावून सांगितलं. एकरकमी पैसे देतील, केस कायमची बंद. कुठे पडली, कशी पडली, यावर कोणी काही म्हणणार नाही. पुन्हा कधी उघडता येणार नाही.

"घेऊन टाकू," जगन्नाथ लगेच म्हणाला. "कशाला वाढवायचं?"

"त्यात ऑपरेशन होईल का?" शैलजाने विचारलं.

"हाफ पण नाही, काकू."

"मग नको."

ऋताच्या जिन्यातच जगन्नाथ भडकला. "तुला काय जातंय नको म्हणायला! तिथे खुर्चीवर मी बसणार. पासष्टाव्या वर्षी मी खोटा ठरणार."

"तुम्ही खोटंच बोललात ना?"

"विवेकसाठी बोललो! तुझ्याच माहेरच्यासाठी!"

"मी सांगितलं होतं का?"

गाडीत बसल्यावर त्याने वाकून तिचा पट्टा लावून दिला.

*

फेब्रुवारीत सुनावणी झाली. बाहेर बर्फ कडक झालेला. कोर्ट म्हणजे एका सरकारी ऑफिसातली साधी खोली, झेंडा, लाकडी टेबलं. जजबाई साठीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला. शैलजासाठी आणि जगन्नाथसाठी दुभाषा आणला होता, नागपूरकडचे एक गृहस्थ. "तुम्ही बोला, मी जसंच्या तसं सांगीन. वाढवणार नाही, कमी करणार नाही," ते म्हणाले.

शैलजाने सांगितलं, जसं घडलं तसं. बूट, पाणी, दांडा, चार दुधी.

मग विवेक बसला. तो खोटं बोलला नाही. खोटं बोलण्याचीही एक हिंमत लागते. त्याने पडताना पाहिलं नव्हतं. तो आला तेव्हा ताई हात धरून बसलेल्या होत्या. घरून येतानाच त्या हात धरून आल्या होत्या का, ते त्याला आठवत नव्हतं. नवऱ्याने हॉस्पिटलमध्ये घरी म्हटलं, ते त्याने खरं धरलं. हे सगळं तो टेबलाकडे बघून बोलला. शैलजा त्याच्याकडे बघत होती. पाच वर्षं या कपाळाला तिने कुंकू लावलं होतं.

शेवटी जगन्नाथ. ऋताने विचारलं, तुम्ही घरी असं का सांगितलं? ठरल्याप्रमाणे तो म्हणाला, आमच्या देशात कामावर अपघात झाला की पोलीस येतात, मी घाबरलो.

कंपनीचा वकील उठला. उंच, मृदू आवाजाचा. "तुम्ही इथे सहा वर्षं आहात. इंग्रजी वाचता. तीस वर्षं कारखान्याच्या ऑफिसात नोकरी केलीत. तुम्ही घाबरणारे गृहस्थ दिसत नाही."

वकिलाने कागद उलटला.

"बाथरूममध्ये, असंही तुम्ही सांगितलंत. ते कोणी विचारलं होतं?"

"नाही."

"भ्यालेला माणूस इतकं बारीक सांगतो का? खरं तर त्या दिवशी तुम्ही खरं सांगितलंत, आणि आज, ऑपरेशनसाठी, खोटं सांगताय. बरोबर?"

दुभाष्याने मराठीत सांगून संपवलं. जगन्नाथने खिशाकडे हात नेला. पेन दारावरच्या तपासणीत ट्रेमध्ये राहिलं होतं.

"भीती नव्हती," तो म्हणाला. "साहेबांचं खरं आहे. भीती नव्हती. सवय होती."

ऋताने मान वर केली. दुभाष्याने विचारलं, "पुन्हा सांगता?"

"सवय. जिनिंगमध्ये कोणाला लागलं की दवाखान्यात मी न्यायचो. हजेरीवाला म्हणून. मालकाने सांगून ठेवलं होतं, कामावर लागलं म्हटलं की इन्स्पेक्टर येतो, भरपाई लागते. म्हणून मी घरी सांगायचो. नुसतं घरी म्हटलं तर डॉक्टर पुढे विचारतात, म्हणून जागापण सांगायची. विहिरीवर. गोठ्यात. कडबा कुट्टीच्या मशीनवर. मग येऊन हजेरीत त्या दिवशी गैरहजर मांडायचं." तो थांबला. "त्या दिवशी त्या पोरीने विचारलं तेव्हा मी विचार केलाच नाही. तोंडातून आपोआप आलं. बायकोसाठीसुद्धा तेच आलं."

वकिलाने आक्षेप घेतला. जजबाईंनी हात वर करून त्याला बसवलं आणि चष्मा डोळ्यांवर घेतला.

"किती जणांसाठी?" त्यांनी विचारलं.

जगन्नाथने अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवला आणि एकेक मोजायला लागला. ओठ हलत होते. मध्येच तो थांबला, मागे गेला, पुन्हा मोजलं.

"नऊ," तो म्हणाला. "सुपडू धरून नऊ. त्याचा पंजाच गेला, रोलरमध्ये."

मागच्या बाकावर शैलजाने डाव्या हाताने उजवं कोपर घट्ट धरलं. सुपडूला ती ओळखत होती. दर दसऱ्याला तो त्यांच्या दारात सीताफळं घेऊन यायचा. पायरीवर बसून डाव्या हाताने चहा प्यायचा, उजवा हात उपरण्यात गुंडाळलेला. काय झालं रे, असं तिने एकदा विचारलं होतं. घरीच, वहिनी, कडबा कुट्टीत गेला, असं तो म्हणाला होता. तिच्यासमोर, तिच्याच पायरीवर, तिच्या नवऱ्याने रचलेलं तो पाठ म्हणून दाखवत होता, आणि तिने त्याला वर सांगितलं होतं की जरा बघून काम करावं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये विवेकने तिच्यासाठी दार धरलं. "ताई," तो म्हणाला, "इन्शुरन्सवाल्यांनी सांगितलं होतं की जितकं विचारतील तितकंच..."

"बाकीच्या बायांना बूट आणले का?"

"आणले."

"बरं केलंस," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

त्या दिवशी घरी तिने स्वयंपाकघरात डाव्या हाताने भात लावला, नवऱ्याला वाढला आणि आत जाऊन पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी जगन्नाथ कंगवा घेऊन आला. ती पलंगाच्या कडेला बसली, पण पाठ फिरवली नाही. तो तसाच उभा राहिला. बऱ्याच वेळाने ती फिरली. त्याने तीन पेड घातले.

*

मार्चच्या मध्यावर निकाल वाचून दाखवला. जजबाईंनी सरळ वाचला. फार्मवरच्या हजेरीच्या घड्याळाप्रमाणे बाई सहाला कामावर हजर होत्या आणि सव्वानऊला हॉस्पिटलमध्ये पोचल्या. फाटलेल्या खांद्याने मधले तीन तास कोणी क्रेट उचलत नाही. झीज वयाची असू शकते, पण झिजलेला खांदा आदल्या दिवशीपर्यंत काम करत होता. राहिला पहिला कागद. त्या कागदामागचं कारण नवऱ्याने सांगितलं, आणि ते त्याच्या फायद्याचं नव्हतं. स्वतःला इतकं कमी करणारी गोष्ट माणूस रचून सांगत नाही, म्हणून मी त्यांच्यावर विश्वास ठेवते. जखम कामावर झाली. ऑपरेशन आणि बुडालेल्या पगाराचा कायदेशीर हिस्सा कंपनीने द्यावा.

दीपा रडली. ऋताने काकूंना जपून मिठी मारली. जगन्नाथ खुर्चीतून उठला नाही. जिंकल्याचा आनंद त्याला झाला नाही असं नाही, पण 'विश्वास ठेवते' हे ऐकताना त्याला त्या खोलीतून पळून जावंसं वाटलं.

सर्जनने आधीच बजावलं होतं की सात महिने झालेत, पूर्ण हात येईल असं वचन देत नाही, बराचसा येईल. दहा दिवसांनी सकाळी सातला ते हॉस्पिटलमध्ये गेले. तशीच खिडकी, दुसरी मुलगी. नाव, जन्मतारीख. मग तिने विचारलं, "ही जखम कुठे झाली?"

जगन्नाथने तोंड उघडलं. शैलजाने डावा हात त्याच्या मनगटावर ठेवला.

"वर्क," ती म्हणाली. "ॲट वर्क. फार्म."

मुलीने टाइप केलं. शैलजा ते पडद्यावर उमटेपर्यंत बघत राहिली.

आत नेण्याआधी बांगड्या, मंगळसूत्र, कानातलं उतरवायला लावलं. तिने ते नवऱ्याच्या रुमालात बांधून दिलं.

"सुपडू आहे का अजून?" तिने विचारलं. कोर्टाच्या दिवसापासून हे नाव तिने पहिल्यांदा घेतलं.

"आहे. पोराकडे असतो."

"नंबर आहे?"

"मिळवलाय. पंधरा दिवस झाले."

"मग लावा."

"काय बोलू?"

"त्या जजबाईसमोर बोललात तेच."

नर्सने तिचं नाव वेडंवाकडं उच्चारून हाक मारली. ती गेली.

जगन्नाथ खुर्चीत बसला. तिकडे संध्याकाळचे साडेपाच झाले असतील, जिनिंगच्या भोंग्याची वेळ. एका हातात रुमाल धरून त्याने नंबर लावला. बराच वेळ वाजलं. मग एक म्हातारा आवाज आला, "कोण बोलतंय?"

"मी जगन्नाथ. जिनिंगचा हजेरीवाला."

"साहेब!" सुपडू एवढ्या जोरात म्हणाला की शेजारच्या बाईने वळून पाहिलं. "अमेरिकेत ना हो तुम्ही? वहिनी बऱ्या आहेत ना?"

सुपडू तिकडून हॅलो, हॅलो करत राहिला. फोन कट झाला असं वाटून तो कोणाला तरी म्हणाला, साहेबांचा होता रे, आपल्या साहेबांचा.

"सुपडू, आहे मी," जगन्नाथ म्हणाला. "तिचा हात गेला होता. आत्ता ऑपरेशनला नेलंय. कामावर गेला हात. तुझा गेला, तसाच."

जगन्नाथने रुमाल मांडीवर ठेवला आणि पहिल्यापासून सांगायला लागला.